काळ्या पेटीत बसेल एवढी टाकी

माशांची टाकी घ्यायला गेले तेव्हा माझ्या पर्समध्ये एक कागद होता आणि त्यावर काळ्या पेटीची आतली मापं लिहिलेली होती. फौजी घरांत असतात त्या लोखंडी पेट्या, काळ्या रंगाच्या, वर पांढऱ्या अक्षरांत नाव आणि हुद्दा. आमचा संसार अशा बावीस पेट्यांत बसतो. दर दोन-अडीच वर्षांनी बदलीचा कागद येतो, पेट्या ट्रकमध्ये चढतात, आणि जे पेटीत बसत नाही ते मागं राहतं. आजवर मागं राहिलेल्यांत एक झोपाळा आहे, बरीचशी झाडं आहेत आणि एक कुत्रा आहे. तो नव्या घरी छान रमला असं त्या लोकांनी कळवलं होतं. माझा त्यावर आजही विश्वास नाही. म्हणून या खेपेला मी आधी पेटी मोजली, तिच्यात चारी बाजूंनी रजया कोंबल्यावर किती जागा उरते ते मोजलं, आणि मगच दुकानाची पायरी चढले. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. त्यापेक्षा बोटभरही जास्त नको.

दुकानदार पन्नाशीचे सरदारजी होते. कागद बघून ते हसले. "भैणजी, कोई मछली देख के टैंक लेता है, कोई टैंक देख के मछली. ट्रंक देख के लेने वाला आज पहली बार आया है."

मला त्यांचं हसणं आवडलं नाही. हसणारा दुकानदार मापात मारतो असं माझे वडील म्हणायचे. ते साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या कोर्टात बेलीफ होते, जप्तीचे कागद घेऊन लोकांची दारं ठोठावण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. दार उघडणारा माणूस पहिलं वाक्य कधीच खरं बोलत नाही, हा त्यांचा अनुभव. त्यांच्याकडून मला एक जुनं घड्याळ आणि हा स्वभाव, एवढंच मिळालं. घड्याळ कधीच बंद पडलं.

आता खरं कारण सांगून टाकते. मला मासे नकोच होते. मला माझ्या मुलीच्या खोलीत शिरायला निमित्त हवं होतं.

तेव्हा चंदीगडच्या घरी आम्ही दोघीच होतो. नवरा "वर" होता. वर म्हणजे कुठं हे आम्ही फोनवर बोलत नाही, थंडी आहे एवढंच बोलतो. नवरा अशा जागी असला की बायकामुलांना राहायला जी घरं मिळतात त्यातलं एक आम्हाला मिळालं होतं. त्याची तिथली मुदत जूनमध्ये संपणार होती आणि मी जूनकडे डोळे लावून बसले होते. मुलगी अकरावीत. सोळा वर्षांत आठ शाळा झालेली मुलगी. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. मला ती "आई" म्हणते, तेवढा एक शब्द मी आठ शाळांतून सांभाळून आणला आहे.

त्या पावसाळ्यापासून तिचं दार बंद राहायला लागलं. संध्याकाळी कोचिंगहून यायची, दार लावायची, आणि सातच्या सुमाराला आतून हळू बोलण्याचा आवाज यायचा. मधूनच हसू. मी दार उघडलं की बोलणं बंद, फोन पालथा.

"कोण होतं?"

"कोई नहीं. आई, नॉक तो किया कर."

घरात माणसं दोन, आणि त्यातलं एक दुसऱ्यापासून काहीतरी लपवतं आहे म्हटल्यावर कुठंतरी पाणी मुरतंय हे कळायला ज्योतिषी लागत नाही. मुलगा असणार, हे मी गृहीत धरलं. कसला मुलगा, कुठला, किती वयाचा, एवढंच शोधायचं बाकी होतं. तिला सरळ विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं तर ती नाही म्हणणार आणि माझा विश्वास बसणार नाही. नवऱ्याला सांगायचं तर त्याचा फोन बुधवारी आणि रविवारी, तोही चार-पाच मिनिटांचा. मी प्रश्नांची यादी करून बसायची. जेवतोस का, गोळ्या घेतोस का, सुट्टीचं काय झालं. चौथ्या प्रश्नापर्यंत लाइन खरखरायला लागायची. "हॅलो, आवाज येत नाहीये, ठेवतो." डोंगरातलं नेटवर्क, म्हणून मी सोडून द्यायची. नवऱ्याच्या बाबतीत मी संशय घेत नाही अशी माझी स्वतःबद्दल समजूत होती.

मुलीला प्राणी हवा होता. कुत्र्याला मी नाही म्हटलं होतं, पुन्हा तेच मागं सोडणं नको म्हणून. मग ती मोबाइलवर माशांचे व्हिडिओ बघायला लागली. तेव्हा मला पाहुण्याच्या काठीनं साप मारायची ही युक्ती सुचली. टाकी घेऊन देते, पण ठेवायची तुझ्या खोलीत. हॉलमध्ये पश्चिमेचं ऊन येतं, शेवाळ धरेल. माझ्या खोलीत प्लगपॉइंट नाही. खरं म्हणजे होता, कपाटामागं होता. आणि खायला दोन वेळा मीच घालणार, तुझ्या अभ्यासात व्यत्यय नको. तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "ठीक है."

दुकानात मुलगी माझ्यासोबत होती. टाकी ठरली तशी माशांची निवड सुरू झाली. सरदारजींनी पिवळेधमक आणि निळे मासे दाखवले, बोटाच्या पेराएवढे. आफ्रिकेतले आहेत, छोटी जात आहे, दोन फुटांत दहा आरामात राहतील, पक्का. रंग असा की नजर हटेना. मुलीनं माझी बाही ओढली. "आई, ये बड़ी होंगी. और एक-दूसरे को मारेंगी." मी दुकानात मागपर्यंत चक्कर मारली. मागच्या भिंतीला एक चार फुटी टाकी होती आणि तिच्यात तेच पिवळे मासे तळहाताएवढे होऊन फिरत होते. एकाचं शेपूट अर्धं कुरतडलेलं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"ये तो इनके ताऊजी हैं," सरदारजी म्हणाले, आणि पुन्हा हसले. पकडले गेल्यावरही हसणाऱ्या माणसाचं काय करावं मला कळत नाही.

मुलीला हवे होते ते मासे कोपऱ्यातल्या टाकीत होते. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं आणि बघण्यासारखं काही नव्हतंही. करंगळीच्या अर्ध्याएवढे, मातकट, अंगावर तपकिरी पट्टे, डोळे तेवढे मोठे आणि जरा निळसर. आफ्रिकेतल्याच टांगानिका नावाच्या तळ्यातले, पूर्ण वाढले तरी दोन इंचांच्या आत. तिथं तळाशी गोगलगायींचे रिकामे शंख पडलेले असतात आणि हे मासे त्यात राहतात. प्रत्येकाचा शंख वेगळा. सरदारजी त्यांना "शंखवाली" म्हणत. दुकानात शंख नव्हते, म्हणून त्यांना पीव्हीसी पाइपचे तुकडे टाकून दिले होते आणि सगळे त्या तुकड्यांत तोंड खुपसून बसले होते.

"यही चाहिए," मुलगी म्हणाली.

मला तिच्या आवडीचाही संशय आला. सोळा वर्षांची मुलगी रंगीत सोडून मातकट घेते, म्हणजे कुणाच्या तरी सांगण्यावरून. पण टाकीच्या मापाला तेच योग्य होते हे मलाही दिसत होतं. सरदारजींकडून मी बिलाच्या मागं लिहून घेतलं, मछली दो इंच से बड़ी नहीं होगी. त्यांनी खाली सही केली आणि वर दुकानाचा शिक्काही मारला.

मासे त्या दिवशी मिळाले नाहीत. आधी टाकीत बारीक वाळूचा जाड थर घाला, पाणी भरा, फिल्टर लावा आणि महिनाभर तशीच चालू ठेवा, मग या, असं त्यांनी सांगितलं. रिकाम्या टाकीत महिनाभर फिल्टर? मला वाटलं यांच्याकडे माल नाही, वेळ काढताहेत. मुलीनं मला समजावलं की पाण्यात आधी जंतू तयार व्हावे लागतात, चांगले जंतू, ते माशांची घाण पचवतात. मी ऐकून घेतलं. मग पाण्यावरून भांडण झालं. मी पिण्याच्या आरओचं पाणी घालायला निघाले होते, एवढ्याएवढ्या जिवांना नळाचं पाणी कसं द्यायचं? ती बादलीच्या आडवी उभी राहिली. चंदीगडचं पाणी जड, गीझरमध्ये पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, म्हणून मी दोन वर्षं कटकट करत होते. आणि या माशांना नेमकं असलंच क्षारांचं पाणी लागतं म्हणे. एक दिवस बादलीत ठेवून क्लोरीन उडू द्यायचं, बस्स. मला ती पळवाट वाटली. आळशी माणसाला नेहमी असं काहीतरी शास्त्रीय कारण सापडतं. पण तिनं आरओचं पाणी घालू दिलं नाही.

शंखांसाठी आम्ही शहराबाहेर मुल्लानपूरला गेलो. नोव्हेंबर होता, भात कापून झालेलं होतं. एका बाजूला बारा मजली इमारती उठताहेत आणि दुसऱ्या बाजूला अजून शेत, असा तो भाग. बांधाच्या कडेला, सुकलेल्या पाटात गोगलगायींचे रिकामे शंख पडलेले असतात, लिंबाएवढे आणि त्याहून लहान. आम्ही दोघी ओणवून वेचत होतो, तेवढ्यात एक म्हातारे शेतकरी येऊन उभे राहिले.

"किहड़े बिल्डर वल्लों आए ओ?"

मी सांगितलं, बिल्डरकडून नाही, माशांसाठी शंख वेचतोय. मासे शंखात राहतात. म्हाताऱ्यांनी माझ्याकडे, मग मुलीकडे, मग आमच्या पिशवीकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आरशात रोज बघते. ते बांधाबांधानं आमच्या मागं चालत राहिले. आम्ही वाकलो की थांबायचे, उठलो की चालायचे. शेवटी त्यांनी स्वतः चार चांगले शंख उचलून पिशवीत टाकले आणि माझ्या जवळ येऊन हळूच विचारलं, "बीबी जी, सच दस्सो, सड़क किद्धरों निकलूगी?" खरं सांगा, नवा रस्ता कुठून निघणार?

गाडीत बसल्यावर मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसले. ती तशी माझ्यासमोर हसून किती महिने झाले होते ते मला तेव्हा आठवेना. घरी येऊन ते शंख जुन्या पातेल्यात उकळले. वास असा सुटला की शेजारच्या बाईंनी गॅस गळतोय का विचारायला बेल वाजवली.

डिसेंबरात सहा मासे आले. टाकीत सोडल्याबरोबर सगळे एका कोपऱ्यात गोळा झाले आणि तासभर हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर वाळूची उलथापालथ झालेली. एवढासा मासा तोंडात वाळू भरून घेतो, चार बोटं लांब नेऊन थुंकतो, परत येतो. दिवसभर हेच. तीन दिवसांत त्यांनी शंख वाळूत रुतवून घेतले, फक्त तोंड वर. प्रत्येकाच्या दारापुढं वाळूचा छोटा बंधारा. दुसरा मासा जवळ आला की दारातला अंगावर धावून जायचा आणि लगेच मागं फिरून आपल्या शंखात शिरायचा. माझं बोट काचेजवळ गेलं तरी तेच. मला त्यांच्यात आवडण्यासारखं काही दिसायला नको होतं, पण सावधपणा आवडला.

मी सकाळी एकदा आणि संध्याकाळी सातला एकदा चिमूटभर खाणं घेऊन जायला लागले. सातलाच का, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मी आत गेले की मुलगी फोन ठेवायची आणि पुस्तक उघडायची. मी टाकीसमोर स्टूल ओढून पंधरा-वीस मिनिटं बसायची, डोळे माशांवर, कान मागं. कधी ती उठून शेजारी यायची आणि हा बघ, हा त्याच्या शंखात घुसला, असं काहीतरी सांगायची. मी तेवढ्यात पलंगावरच्या फोनकडे बघून घ्यायची.

जानेवारीत मासे कमी झाले. सहातले चार दिसायचे, कधी तीन. मी आधी मोलकरणीला विचारलं, मग फिल्टर उघडून बघितला, मग बिल घेऊन दुकानात गेले. थंडीनं मेले असतील तर हीटर तुम्हीच दिलाय, मी म्हटलं. सरदारजींनी बिल उलटं-सुलटं केलं. "भैणजी, मैंने लिख के दिया है कि बड़ी नहीं होगी. ये थोड़ी लिखा है कि छुपेगी नहीं." शंख उचलून हलवू नका, नुसतं बसून राहा, असं ते म्हणाले. मी बसून राहिले. अर्ध्या तासानं एका शंखाच्या तोंडाशी दोन डोळे आले.

फेब्रुवारीत उलट झालं. मासे वाढले. मी एक दिवस मोजले तर नऊ, चार दिवसांनी तेरा. नवीन होते ते तांदळाच्या दाण्याएवढे. आता यावर कुठल्याही आईनं म्हटलं असतं, वा, पिल्लं झाली. मी काय म्हटलं? कुणीतरी हिला मासे आणून देतंय! बुकेबिके द्यायचे दिवस गेले, पिशवीतून मासे देतात. मी तिच्या दप्तरात प्लास्टिकची पिशवी शोधली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं बेलीफच्या मुलीच्या मनात कायम जप्ती. मुलीनं मला टॉर्च घेऊन शंखाच्या तोंडाशी बसवलं तेव्हा दिसलं. शंखाच्या आतून एक दाणा बाहेर यायचा, बोटभर अंतर जायचा आणि आईनं हुसकलं की परत आत.

त्याच आठवड्यात मी आणखी एक गोष्ट केली, ती सांगायला मला लाज वाटते. तिचा क्लास सुटायच्या वेळी सेक्टर चौतीसच्या पार्किंगमध्ये गाडी लावून बसले. संशयाची पाळी आता क्लासच्या शिक्षकांवर आली होती, कारण दारातून कानावर पडलेले दोन-तीन शब्द मोठ्या माणसाशी बोलावं तसे आदराचे होते. पोरांचा लोंढा बाहेर आला, घोळके करून उभा राहिला, आणि त्यांच्यामागून ती आली. एकटी. रेहडीवर, म्हणजे हातगाडीवर जाऊन तिनं कुलचे-छोले घेतले, झाडाखाली उभं राहून खाल्ले, हात पुसले आणि बसस्टॉपकडे चालू लागली. कुणी तिला हाक मारली नाही, तिनं कुणाला मारली नाही. हे बघून माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. मला वाटलं, पोरगी फारच हुशार झाली आहे.

मार्चच्या सुरुवातीची ती संध्याकाळ. मुलगी यायला वेळ होता. पिल्लं अंधारात जास्त बाहेर येतात, म्हणून मी तिच्या खोलीतला दिवा बंद केला, टाकीचाही केला आणि टाकी आणि कपाट यांच्यामधल्या फटीत उकिडवी बसून मोजायला लागले. एवढ्यात बाहेरचं दार वाजलं. ती तरातरा आत आली, दप्तर टाकलं, दिवा न लावताच पलंगावर पालथी पडली. पाठ माझ्याकडे. कानात इयरफोन होते आणि बोलणं आधीपासून चालू होतं.

मी बोलायला हवं होतं. खाकरायला तरी हवं होतं. मी श्वास धरून बसले.

खोलीत अंधार आणि तिच्या हातात उजळलेला फोन. समोर टाकीची काच. काचेत फोनचा पडदा स्वच्छ दिसत होता, तळहाताएवढा उजेड आणि त्यात एक चेहरा. कानटोपी घातलेला, गालावर पांढरे खुंट वाढलेले. मी माझ्या नवऱ्याकडे बघत होते.

पहिल्यांदा मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मनाशी म्हणून मला हसूही आलं. मग मी मोजायला लागले. बुधवार नव्हता, रविवार नव्हता. लाइन खरखरत नव्हती. तो हसत होता, हातवारे करत होता, दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, नेटवर्क कुठंही जात नव्हतं. म्हणजे पावसाळ्यापासून रोज सात वाजता माझा नवरा माझ्याच घरात येत होता, आणि माझ्यासाठी तेवढी लाइन तुटत होती.

"बाबा, एक साल और, बस," मुलगी म्हणत होती. "ट्वेल्थ यहीं हो जाए. आपने साइन कर दिया ना? पक्का?" मग, "आई को आप बताओगे. मैं नहीं बताऊँगी. वो जून का वेट कर रही है."

मी उठले. गुडघा कट्कन वाजला. मुलगी किंचाळली, फोन पलंगावर पडला, आणि पडद्यात त्याचे ओठ "काय झालं, काय झालं" असे हलायला लागले.

मी फोन उचलला. इयरफोनची वायर ओढून काढली.

"काय लिहून दिलंस?" मी विचारलं.

त्यानं सांगितलं. जूनमध्ये त्याला पार दक्षिणेला पाठवणार होते, शांत ठिकाणी, कुटुंबासह. म्हणजे बारावी सुरू असताना पुन्हा पेट्या, पुन्हा नवी शाळा, आठांनंतरची नववी. त्यानं आहे तिथंच आणखी वर्षभर राहतो, म्हणजे चंदीगडचं घरही आम्हाला राहील, असं लिहून दिलं होतं आणि ते मंजूर झालं होतं. तिनंच मागितलं होतं. सोळा वर्षांत पहिल्यांदा तिनं काही मागितलं, तो म्हणाला.

"आणि मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

मला माहीत होतं काय बोलायला हवं. मुलगी माझ्याकडे बघत उभी होती. पण मी दोन वर्षं एकटीनं काढली होती, आणि जूननंतर आणखी एक दिवसही मला नको होता.

"नाही," मी म्हटलं.

"म्हणून," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "तू प्रश्न विचारतेस, मी उत्तर देतो, आणि ते तुला खोटं वाटतं. मग मी खरं तरी कशाला सांगू? मी दमतो गं." पुढं तो आणखीही काही बोलला असता, पण मीच फोन बंद केला. या वेळी लाइन मी तोडली.

दिवा मुलीनं लावला. मी टाकीच्या काचेला टेकून उभी होते. मला वाटलं आता ती माफी मागेल. तिचा चेहरा लाल झाला होता.

"तू यहाँ छुप के बैठी थी?"

"पिल्लं मोजत होते."

"झूठ मत बोल, आई. ये टैंक तूने मेरे रूम में क्यों रखवाया, मुझे पहले दिन से पता है. तेरे रूम में प्लगपॉइंट है. अलमारी के पीछे. मैंने ही तो वहाँ इस्त्री लगाई थी."

बेलीफच्या मुलीला दारात गाठल्यावर पहिलं वाक्य खोटं आलं होतं. मी विचारलं, "मग नाही का म्हणाली नाहीस? माहीत होतं तर ठेवू कशाला दिलीस?"

ती रागानंच बोलली, डोळ्यांत पाणी होतं तरी. "क्योंकि तू आती तो थी. रोज बीस मिनट. मछलियों के बहाने ही सही, मेरे पास बैठती तो थी. बाबा का फोन तो मैं पाँच मिनट में रख देती थी, तेरे पैरों की आवाज सुनते ही."

मी तिच्याकडे बघत राहिले. दोन वेळा दिवसाला, तीन महिने, मी त्या खोलीत बसले होते आणि एकदाही तिच्याकडे नीट बघितलं नव्हतं. सगळा वेळ काचेकडे तोंड करून तिच्या फोनवर नजर. झाडाखाली एकटीनं कुलचे खाणारी ती मुलगी मला त्या क्षणी दिसली, पार्किंगमधून दिसली नव्हती.

"खरं सांगतेस?" माझ्या तोंडून गेलंच.

"देख," ती म्हणाली, "फिर पूछ रही है."

मग मी काही विचारलं नाही. तिच्या पलंगाच्या कडेला जाऊन बसले, पहिल्यांदाच माशांकडे पाठ करून.